उमेदवाराच्या विजेवर पडलेलं मत

राज्याच्या राजधानीत बसून कायदा तुम्ही केलात. शिक्का तुमचा, सही तुमची, टाळ्याही तुम्हीच घेतल्यात. निवडणूक चालवायला खासगी पैसा नको, खासगी वस्तू नको, कुणा धनदांडग्याचे उपकार नकोत. बरोबरच बोललात. पण मग सरकारी पैसा कुठाय? ते वाक्य लिहायचं राहून गेलं, की मुद्दाम गाळलंत? दार लावून घेतलंत आणि आतल्या माणसांना दिवा द्यायला विसरलात. वर कुणी विचारायला आलं की तुम्ही जागेवर नसता. स्प्रूस फॉर्कला त्या मंगळवारी जे झालं ते तुमच्यामुळे झालं. तुमचं नाव घेत नाही, कारण नाव घेतलं की तुम्ही म्हणाल, ते काम आमच्याकडे येत नाही.

आर्लिस हॉवलंडचा या कायद्यावर राग नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. उलट तो व्हावा म्हणून ती दारोदार हिंडली होती. स्प्रूस फॉर्क टाउनची ती क्लार्क. म्हणजे कुत्र्यांचे परवाने, रस्त्यातल्या खड्ड्यांच्या तक्रारी आणि निवडणुका, सगळं तिच्याच गळ्यात. साथीच्या वर्षी कुठल्याशा अब्जाधीशाच्या संस्थेनं निवडणुकीसाठी मोठ्या शहरांमध्ये पैसा ओतला. स्प्रूस फॉर्कच्या वाट्याला काय आलं? हात धुवायच्या औषधाचा एक खोका, आणि आभाराचं पत्र कुठं पाठवायचं तो पत्ता. खोक्यावर संस्थेचं नाव हे एवढं मोठं. आर्लिसनं तो खोका मतदानाच्या खोलीत येऊच दिला नाही. "मतपेटीशेजारी देणगीदाराची पाटी नको," असं ती चर्चच्या तळघरात, पेट्रोल पंपावर, हरणाच्या शिकारीला आलेल्यांच्या शेकोटीपाशी, माणूस भेटेल तिथं म्हणायची. बंदीचा ठराव लोकांच्या मताला आला तेव्हा तिनं 'होय'वर खूण केली. आजही विचाराल तर ती तीच खूण करील.

अडचण होती ती विजेची.

स्प्रूस फॉर्कचा टाउन हॉल म्हणजे जुनी एका खोलीची शाळा. तळ्याकाठच्या पाइनच्या गर्दीत उभी. एप्रिलच्या निवडणुकीच्या सुमाराला इकडे पाऊस पडतो आणि पडता पडताच गोठतो. फांद्या काचेसारख्या होतात, मग मोडतात, आणि मोडताना तारा घेऊन पडतात. असं झालं की डेल्बर्ट झॅस्ट्रो आपला ट्रॅक्टर घेऊन यायचा, मागे जोडलेला जनरेटर हॉलच्या भिंतीला लावायचा, वायर खुपसायचा आणि केबिनमध्ये टोपी डोळ्यांवर ओढून बसायचा. त्याला कुणी बोलावत नसे. इकडची रीतच तशी आहे. मदत मागायची नाही, केली तर बोलून दाखवायची नाही, आणि कुणी आभार मानले तर ऐकणारा असा ओशाळतो की जणू चोरी पकडली गेली.

पण आता डेल्बर्टचा जनरेटर म्हणजे खासगी वस्तू. आणि डेल्बर्ट म्हणजे टाउनचा अध्यक्ष, पुन्हा उभा असलेला. मतपत्रिकेवर पहिलंच नाव त्याचं.

आर्लिसनं हिवाळ्यातच वर लिहून विचारलं होतं. वीज गेली तर काय करू? एक जनरेटर द्या, नाहीतर भाड्यानं घ्यायला पैसे द्या, नाहीतर निदान नाही म्हणा. उत्तर आलं की तुमच्या प्रश्नाची नोंद घेतली आहे, आपल्या वकिलाचा सल्ला घ्यावा. वकील म्हणाला, वर विचारा. टाउनच्या सभेत तिनं विषय काढला तर सभासद छताकडे बघायला लागले. कर वाढवायची परवानगी नाही, आणि होता तो पैसा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकायच्या मिठात गेलेला.

आता कुणी म्हणेल, कागदाच्या मतपत्रिकेला वीज कशाला हवी? खरंय. खिडकीपाशी बसून कुणीही पेनानं खूण करील. वीज लागत होती ती एकाच माणसाला. आयोनला.

आयोन म्हणजे आर्लिसच्या मेलेल्या भावाची, हार्लनची बायको. साखरेच्या आजारानं ऐन तिशीत तिचे डोळे गेले. तेव्हापासून तिची मतपत्रिका हार्लन भरायचा. ती कानात सांगायची, तो खूण करायचा. एकदा दारूच्या गुत्त्यात तो मोठ्यानं बोलून गेला, "आमच्या घरात मतं दोन, पेन एक." सगळे खो खो हसले. त्याला घ्यायला आलेली आयोन दारातच उभी होती. पुढे कित्येक वर्षं ती मतदानालाच आली नाही. मग ते बोलणारं यंत्र आलं. कानाला लावायचं, नावं ऐकायची, बोटानं बटण दाबायचं, आणि खूण केलेला कागद छापून बाहेर. पहिल्यांदा यंत्रापुढच्या पडद्याआडून बाहेर आली तेव्हा आयोननं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, आणि घरी सोडायला कुणी यायची गरज नाही म्हणाली.

यंत्राचा कागद मात्र वेगळा दिसतो. अरुंद, छापील खुणांचा. शंभर कागदांत एकच तसा असला तर तो कुणाचा हे शेंबड्या पोरालाही कळेल. म्हणून आर्लिस आणि टेबलावरची अधिकारी मर्ना, दोघीही दर वेळी त्याच यंत्रावर मत द्यायच्या. आयोनचा कागद एकटा पडू नये म्हणून. हे कुठल्या नियमात नव्हतं. तुम्हाला सुचलेलंही नव्हतं.

सोमवारी रात्रभर बर्फाळ पाऊस लागला. मंगळवारी सकाळी हॉल उघडला तेव्हा आत वीज नव्हती आणि बाहेर पाइन मोडत होते. बंदुकीच्या बारासारखा आवाज. लाकडाची शेगडी पेटवली, टेबल खिडकीकडे सरकवलं, मतदान सुरू झालं.

"लाकडं टाउनचीच आहेत ना?" कोपऱ्यातून रोलीनं विचारलं. रोली कोपेकी, चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. डेल्बर्टविरुद्ध उभा असलेला माणूस त्याचा मेहुणा, त्यामुळे निरीक्षकाच्या खुर्चीत तो थर्मास घेऊन ठाण मांडून बसला होता.

"टाउनची. पावती दाखवू?" आर्लिस म्हणाली.

"आणि माझ्या लिंबाच्या वड्या?" मर्नानं डब्यावरचा हात काढला नाही. "त्या खासगी वस्तू धरायच्या का? मला आत जायचं नाहीये या वयात."

"रोलीनं खाल्ल्या तर लाच, तू खाल्ल्यास तर डबा," आर्लिस म्हणाली. रोलीनं दोन उचलल्या.

हसणं तेवढंच. त्यानंतर आर्लिस बसली नाही. यंत्राची बॅटरी कधीची मेलेली, नवी पाठवतो म्हणून सांगितलेलं, आलेली नाही. ती दारात जायची, आत यायची, यंत्राचं बटण उगाच दाबून बघायची. वीज गेल्यापासून फोनला आत रेंज नव्हती म्हणून झेंड्याच्या खांबाभोवती फिरायची. पायाखाली बर्फ कुरकुरत होता. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीतली बाई म्हणाली, आमचा जनरेटर वृद्धाश्रमात लावलाय, तिथं ऑक्सिजनवरची माणसं आहेत. भाड्यानं देणारा म्हणाला, काल संध्याकाळीच सगळे गेले. वर फोन लावला तर तुमचं ते संगीत. तेच तेच, गोड गोड.

दुपारी आयोनचा फोन आला.

"वीज आली?"

"नाही. आयोन, ऐक. मी आणि मर्ना मिळून तुझी खूण करून देतो. कायद्यात बसतं."

"कायद्यात हार्लनही बसत होता."

आर्लिसनं फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"मी पुन्हा उभ्या जन्मात कुणाला माझं मत सांगायची नाही," आयोन म्हणाली. "तुलासुद्धा. राग मानू नकोस."

"अगं, मी कुणाला सांगणार आहे?"

"डेल्बर्ट माझ्या दारातलं बर्फ काढतो. सगळा हिवाळा, न सांगता. समजा मी त्याच्याविरुद्ध मत दिलं आणि त्याला कळलं. बर्फ काढायचं थांबवील तो?"

"छे. डेल्बर्ट? थांबवायचा नाही."

"तेच तर. काढतच राहील. ते मला सोसवणार नाही, आर्लिस. येतेय मी. यंत्र लागेपर्यंत बसून राहीन."

मर्नाचा पुतण्या आयोनला गाडीतून घेऊन आला, आणि ती यंत्रापुढे वाट बघत बसली. आर्लिस आपल्या गाडीत जाऊन बसली, फोन चार्जिंगला लावला आणि पुन्हा तुम्हाला लावला. समोर तळं, तळ्यावर करडा, कुजका बर्फ. संगीत. मध्येच एक आवाज म्हणाला की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आर्लिसनं स्टिअरिंगवर मूठ आपटली, आणि नेमकी तेव्हाच मागच्या आरशात हॉलच्या खिडक्या पिवळ्या झाल्या.

वीज आली! ती फोन सीटवर टाकून धावली. बर्फावरून घसरली, गुडघा आपटला, तशीच उठली. आत सगळ्यांचे चेहरे उजळलेले. पडद्याआड आयोन बसलेली, कानाला यंत्र, मान किंचित तिरकी. मर्नानं दोन्ही अंगठे वर केले. वीज कंपनीची माणसं एवढ्या लवकर कशी आली, हे आर्लिसच्या मनातही आलं नाही. जे हवं असतं ते आलं की माणूस विचारत नाही.

विचारलं रोलीनं. तो खिडकीशी उभा होता.

"आर्लिस, समोर थॉर्सनच्या घरात अंधार आहे. पंपावर अंधार आहे. मग ही वीज कुणाची?"

तेव्हा तिला पायाखालची थरथर कळली. फरशीतून येणारी, सवयीची. इतक्या वर्षांच्या सवयीची की कानांना ऐकूच आली नव्हती.

ती मागच्या दारानं बाहेर गेली. भिंतीला ट्रॅक्टर टेकलेला, जनरेटर घुमतोय, आणि केबिनमध्ये डेल्बर्ट टोपी डोळ्यांवर ओढून बसलेला.

"डेल्बर्ट! काय केलंस हे?"

त्यानं टोपी वर केली. "काय केलं? तारा पडल्या, आलो. नेहमी येतो तसा."

"तू उमेदवार आहेस!"

"मागच्या वेळीही होतो."

"मागच्या वेळी कायदा नव्हता! महिनाभर तुला सांगतेय, येऊ नकोस म्हणून."

"ते तू सभेत सांगितलंस. मला वाटलं, सभेपुरतं असेल." तो खरंच गोंधळला होता. "माझ्या गायी तिकडे हंबरतायत. दूध काढायचं सोडून हा इकडे आणला. नको असेल तर नेतो." त्यानं हात खटक्याकडे नेला.

"हात लावू नकोस!"

"का?"

"आयोन यंत्रावर आहे."

डेल्बर्टचा हात तसाच हवेत राहिला. "मग बंद करू का नको?"

इथं थांबा जरा. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत? बंद केलं तर आयोनचं मत अर्ध्यावर मरतं. चालू ठेवलं तर निवडणूक उमेदवाराच्या ट्रॅक्टरवर चालते, आणि ती चालू नये म्हणून तर आर्लिस दारोदार हिंडली होती. रोलीच्या मेहुण्याचा ट्रॅक्टर असता तर तिनं स्वतः वायर उपटली असती. तिला हे माहीत होतं.

"मी सांगेपर्यंत हलू नकोस," ती म्हणाली आणि आत गेली.

आयोन पडद्याआडून बाहेर येत होती. हातात घडी घातलेला अरुंद कागद. रोली उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"आक्षेप आहे. तो कागद पेटीत टाकायचा नाही. उमेदवाराच्या विजेवर छापलाय. तो बाजूला काढा."

"बाजूला?" आयोन जागच्या जागी थांबली. "बाजूला म्हणजे सगळ्यांच्या समोर, एकटा?"

"आयोन, तुझ्याविरुद्ध नाही हे."

"मग कुणाविरुद्ध आहे? कागद तर माझाच आहे."

रांगेत उभी असलेली माणसं बुटांकडे बघायला लागली. कुणी खोकलं. रोली वाईट माणूस नाही. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा. उद्या डेल्बर्टनं पेट्या आणून दिल्या तर? परवा माणसं आणून दिली तर? आर्लिस, तूच सांगायचीस ना हे?"

"मीच सांगायची."

"मग?"

आर्लिसनं मर्नाकडे पाहिलं. "तू मत दिलंस का?"

"कुठलं? यंत्र लागायची वाट बघत होते. दर वेळेसारखी."

"मीही."

आर्लिसनं अंगावरचा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि पडद्याआड जाऊन बसली. बाहेर आधी कुणाला कळलंच नाही. मग रोली ओरडला, "आर्लिस! अगं, काय करतेस? माहीत असून?"

"माहीत असून."

"क्लार्की जाईल तुझी!"

"जाऊ दे. कुत्र्यांचे परवाने तू दे."

तिचा कागद छापून बाहेर आला. मर्नानं लिंबाच्या वड्यांचे हात रुमालाला पुसले, क्रॉसची खूण केली आणि आत गेली. ती बाहेर आली तेव्हा आर्लिसनं तिघींचे कागद घडीसकट एकावर एक ठेवले, पत्त्यांसारखे पिसले, पाकिटात घातले आणि रोलीच्या डोळ्यांदेखत सील केलं. मग मागच्या खिडकीशी जाऊन डेल्बर्टला दिसेल अशी हाताची सुरी गळ्यावरून फिरवली. बाहेरची थरथर थांबली. दिवे गेले.

"आता लिही तुझा आक्षेप," ती रोलीला म्हणाली. "उजेडात ये इकडे. तिन्ही मतांवर लिही. खाली माझं नाव घाल, मर्नाचं नको."

"का नको?" मर्ना तडकली. "मला काय झालंय? माझंही घाला."

रोलीनं लिहिलं. दोनदा पेन थांबलं. "मी चुकत तर नाहीये ना, आर्लिस?"

"नाही चुकत. म्हणून तर लिहून घेतेय."

आयोन शेगडीपाशी बसली होती. तिच्या हातात आता काहीच नव्हतं आणि बोटं तरी हलत होती, जणू अजून बटणं शोधताहेत.

खरी वीज अंधार पडायच्या आत आली. मतं मोजली. डेल्बर्ट पुढे होता, पण इतका थोडा की पाकीट उघडल्याशिवाय काही खरं नव्हतं. पाकिटात तीन, आणि फरक त्याहून कमी. दुसऱ्या दिवशी डेल्बर्ट हॉलच्या पायरीपर्यंत आला, आत आला नाही. दारातूनच म्हणाला, "टाकून द्या ती तिन्ही. माझ्यामुळे झालं. मला नकोत."

"तुला नकोत?" आतून आयोनचा आवाज असा आला की तो एक पायरी खाली उतरला. "ते तुझं आहे का रे, तुला नको असायला?"

तो गेला. गायी होत्याच.

मग आर्लिसनं फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि तुम्हाला लावला. रोली समोर बसला, आपल्या आक्षेपाचा कागद घडी न घालता धरून. संगीत वाजलं. बराच वेळ वाजलं.

"तिन्ही सारखी निघाली तर?" आयोननं हळूच विचारलं. "मग कळेलच की."

"सारखी निघायची नाहीत," मर्ना म्हणाली.

"कशावरून? तुझ्या अंगणात तर डेल्बर्टच्या प्रचाराची पाटी आहे म्हणे."

"तो माझा आतेभाऊ आहे, पाटी लावायलाच लागते. अंगणातलं वेगळं, पडद्याआडचं वेगळं." आणि तिनं रोलीकडे बोट केलं. "तू काही ऐकलेलं नाहीस."

शेवटी एक मुलगी बोलली. तरुण आवाज, सभ्य. आर्लिसनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मुलगी म्हणाली, हा विषय विचाराधीन आहे, मार्गदर्शक सूचना यथावकाश कळवण्यात येतील.

"बाई," रोली पुढे वाकला, "आक्षेप मी घेतलाय. मलाही तेच विचारायचंय. मी बरोबर असेन तर तसं सांगा. चूक असेन तर तसं सांगा. आणि पुढच्या वेळी वीज गेली तर आम्ही काय करायचं, तेही सांगा."

"आपल्या वकिलाचा सल्ला..."

आयोननं टेबलावर हात फिरवत फोन शोधला, उचलला आणि तोंडाजवळ धरला.

"पाकिटात माझं मत आहे. ते मोजायचं, की नाही मोजायचं? तुम्ही जनरेटर दिला नाहीत, दुसऱ्याचा घेऊ दिला नाहीत. ठीक आहे. आता एवढं तरी द्या. मोजायचं की नाही? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मी फोन ठेवत नाही. बोला."